वास्तू आणि मनाचा अबोल कौल

(व्याख्यानाचे शब्दांकन)



वास्तू चांगली की वाईट, हे माणूस डोळ्यांनी पाहून, बुद्धीने तोलून ठरवतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात उंबरठा ओलांडताच मनाने आपला कौल दिलेला असतो. बुद्धी त्याची कारणे मागाहून शोधते.

जुन्या वाड्याची ओसरी आठवावी. पाठीशी भिंत, डोक्यावर छप्पर, समोर मोकळा चौक. आलेला पाहुणा तेथे निःशंकपणे विसावे. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जे ॲपलटन यांनी १९७५ साली या ओढीची मीमांसा केली. स्वतः आडोशाला राहून भोवताल न्याहाळता येईल, अशी जागा माणसाला उपजतच भावते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नव्हे. अमेरिकी संशोधक रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या २३ रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत होती. त्यांच्याशी मिळत्याजुळत्या अन्य २३ जणांना विटांची भिंत. झाडे पाहणारे शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, तर भिंत पाहणाऱ्यांना ८.७० दिवस लागले. पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. १९८४ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लहान होता. पण रुग्णालयांच्या रचनेविषयीच्या विचाराला त्याने नवी दिशा दिली.

मनाचा दुसरा कल सवयीचा. १८८७ साली आयफेल मनोऱ्याविरुद्ध पॅरिसमधील नामवंत लेखक-कलावंतांनी जाहीर निषेधपत्र काढले. आज तोच मनोरा त्या नगरीची ओळख आहे. जे वारंवार नजरेस पडते ते आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली प्रयोगांनी दाखवून दिले.

खरा धोका येथेच आहे. अंधारा जिना, कोंदट वर्गखोली, समोरच्या इमारतीने झाकोळलेली खिडकी या गोष्टीही कालांतराने खटकेनाशा होतात. परंतु खटकत नाही, म्हणजे अपाय होत नाही, असे मुळीच नव्हे.

आज ठिकठिकाणी वाड्यांच्या आणि चाळींच्या जागी नव्या इमारती उभ्या राहत आहेत. सभासदांच्या बैठकांत चर्चा होते ती चटईक्षेत्राची आणि वाहनतळाची. खिडकीतून काय दिसेल, वृद्ध कोठे टेकतील, मुले कोणाच्या नजरेसमोर खेळतील, हे प्रश्न नकाशा मंजूर होण्यापूर्वीच विचारले पाहिजेत. एकदा राहायला गेल्यावर सवय होते, आणि मग हे प्रश्न सुचतच नाहीत.