पत आणि पंधरा अक्षरी क्रमांक



सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, विट्याच्या यंत्रमागावरील कापड आणि साताऱ्याच्या पेठांतील किरकोळ व्यापार, हे सारे विश्वासावर वाढले. पेढीचे नाव, गाव आणि मालकाचा शब्द एवढी ओळख सौद्याला पुरत असे. आज त्या ओळखीला करनोंदणीच्या क्रमांकाची जोड द्यावी लागते.

कापड व्यापाऱ्यांना हा बदल विशेष जाणवला. 1957 च्या केंद्रीय कायद्यान्वये कापडावर विक्रीकराऐवजी जादा उत्पादनशुल्क आकारले जाऊ लागले. त्यामुळे 1 एप्रिल 2005 रोजी महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर आला, तरी निव्वळ कापड विकणाऱ्यांना त्याची झळ फारशी लागली नाही. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि कापडही कराच्या कक्षेत आले.

या कराचा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे 27, कर्नाटकाचे 29, गुजरातचे 24. पुढील दहा अक्षरे म्हणजे पॅन क्रमांक. संपूर्ण क्रमांकातील सहावे अक्षर व्यक्तीसाठी पी, भागीदारीसाठी एफ आणि कंपनीसाठी सी असते. बिलावर प्रायव्हेट लिमिटेड आणि सहाव्या स्थानी पी, असे दिसल्यास तिथेच थांबावे.

मात्र रचना बरोबर असली म्हणजे नोंदणी चालू आहे, असे नव्हे. जीएसटीच्या शासकीय संकेतस्थळावर कोणालाही, लॉगिन न करता, क्रमांक टाकून पेढीचे कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख व सद्यस्थिती पाहता येते. नोंदणी रद्द वा निलंबित असल्यास तेथे कळते. विवरणपत्रे भरली आहेत का, हेही दिसते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ग्राहकाकडून कर घेता येत नाही. त्याने बिलात कर लावला असेल, तर ते बिल मुळातच चुकीचे.

एवढा खटाटोप कशासाठी? महाराष्ट्र मूल्यवर्धित कर कायद्याच्या कलम 48(5) नुसार विक्रेत्याने शासकीय तिजोरीत प्रत्यक्ष भरलेल्या करापुरतीच वजावट खरेदीदारास मिळे. कोल्हापूरच्या एका कापूस जिनिंग उद्योगाने या तरतुदीस आव्हान दिले. 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 16 मध्येही तशीच अट आहे. म्हणजे बिलाचे पैसे चुकते केलेल्या प्रामाणिक खरेदीदारावरही, दुसऱ्याने न भरलेल्या कराचा बोजा पडू शकतो. लहान दुकानाचा वर्षभराचा नफा अशा एका नोटिशीत जाऊ शकतो.

म्हणून नव्या पेढीशी पहिला व्यवहार करण्यापूर्वी क्रमांक पडताळावा, त्या पानाची तारखेसह प्रत फाइलला लावावी आणि जुन्या पेढ्यांचीही अधूनमधून खात्री करावी. माल उधारीवर देताना पत विचारण्यात पूर्वीही कमीपणा नव्हता. नियमाने व्यापाऱ्याला आपला क्रमांक दुकानाच्या फलकावर लिहावाच लागतो. जो उघड लिहिला जातो, तो विचारण्यात संकोच कसला? ज्याचा व्यवहार स्वच्छ, त्याला पडताळणीचा राग येत नाही.