टास्मानियाचा पट्टेवाला



ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कांगारू उभा राहतो. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते त्या देशाच्या दक्षिण टोकाला असलेल्या टास्मानिया बेटावरील एका जनावराविषयी. त्याचे नाव थायलसिन. डोके कुत्र्यासारखे, पाठीवर वाघासारखे पट्टे आणि पोटाशी कांगारूसारखी पिशवी. तिचे तोंड मात्र मागच्या बाजूस. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याला कधी लांडगा म्हटले, कधी वाघ. तो दोहोंपैकी कोणीच नव्हता. पण नाव पडले आणि नावामागून वैर आले.

१८०३ साली इंग्रजांनी तेथे वसाहत केली; मग मेंढ्या वाढल्या. मेंढी मेली की आळ याच्यावर! मोकाट कुत्र्यांचा हिशेब कोण ठेवतो? (बेटावरील मूळ रहिवाशांच्या वाट्याला काय आले, हे सांगावयास वेगळे व्याख्यानच हवे. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत, एवढे मात्र आत्ताच सांगतो.) १८८८ पासून १९०९ पर्यंत सरकार दर मोठ्या जनावरामागे एक पौंड इनाम देत होते. दोन हजारांहून अधिक इनामे वाटली गेली.

अखेर १० जुलै १९३६ रोजी कायद्याने त्याला अभय दिले. ७ सप्टेंबरला होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातील, माहीत असलेला शेवटचा थायलसिन मेला. मध्ये गेले ५९ दिवस.

१९३३ साली त्याच प्राणिसंग्रहालयात घेतलेला एक छोटा मूकपट उरला आहे. त्यात तो पिंजऱ्यात येरझाऱ्या घालतो, जबडा केवढा तरी उघडतो. त्याचा आवाज कोणी टिपून ठेवला नाही.