आधी दवाखाना, मग माळ
(नातेपुत्याच्या मुक्कामी दिंडीत केलेले भाषण)



दारू वाईट, हे सांगायला मी उभा नाही. पिणाऱ्यालाबी ते ठाऊक असतं. आज माझ्या हातून झालेली चूक सांगतो.

आमच्या गावचा एक गडी सकाळी उठल्यापासून प्यायचा. एकादशीच्या कीर्तनात त्यानं माळ घातली. मी म्हणालो, "आजपासून थेंब नाही. विठ्ठलाची आण." गड्यानं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम सुटला. रात्री झटका आला. तिसऱ्या दिवशी भिंतीवर माणसं दिसायला लागली. लोक म्हणाले, बाहेरचं लागलंय. मीबी अंगाराच लावला. बायको शहाणी, तिनं गाडी करून दवाखान्यात नेला.

डॉक्टर मला म्हणाले, "महाराज, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की असं होतं. जीवही जातो. औषध देऊन, नजरेखाली ठेवून सोडवावी लागते."

गडी वाचला. आज तो आपल्या दिंडीत पताका घेऊन चालतो. पण तो गेला असता तर पाप माझ्या माथी होतं.

तवापासून माळ घालण्याआधी मी विचारतो, रोज किती घेतोस? सकाळी लागते का? लागत असेल तर आधी दवाखाना, मग माळ. यात देवाचा अपमान नाही. आणि मायबहिणींनो, नवऱ्याच्या जेवणात चोरून औषध घालू नका, ते जिवावर बेतू शकतं.

आता गावाचं. हातभट्टी हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हाच आहे. त्यात विषारी स्पिरिट पडलं तर डोळे जातात, माणूसही जातो. परवान्याचं दुकानसुद्धा बायांना बंद करता येतं. गावच्या महिला मतदारांपैकी पाव जणींनी सह्या देऊन मागणी केली, की पडताळणी होऊन गुप्त मतदान लागतं. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण मतदारांच्या! म्हणजे जी घरी बसली, तिचं मत उभ्या बाटलीलाच गेलं म्हणा.

वारीला एवढं चालता, त्या दिवशी शाळेपर्यंत चाला. आणि सुटलेल्या माणसाला 'बेवडा' म्हणू नका. त्याला माउली म्हणा, टाळ द्या, रांगेत घ्या.

राम कृष्ण हरी!