हर्नडनचा फॉल, पायी आणि दोघांनी

आजचं बोलणं खास त्या जोडप्यांसाठी, जी या उन्हाळ्यात हर्नडनला किंवा आसपास राहायला आली आहेत. इंटरनेट सुरू झालं, गाडीची पाटी बदलून झाली, स्वयंपाकघर लागलं, दोन-चार खोकी अजून गराजमध्ये तशीच आहेत. आणि बाहेर झाडं रंग बदलायला लागली आहेत.

अशा वेळी बहुतेक जण काय करतात? ऑक्टोबरातला एक शनिवार गाठतात आणि शेनँडोआला जातात. जा, जरूर जा. स्कायलाइन ड्राइव्ह १०५ मैलांचा आहे आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ते डोंगर खरोखर बघण्यासारखे असतात. फक्त शनिवारऐवजी मंगळवारी जमलं तर बघा, कारण त्या शनिवारी अर्धं नॉर्दर्न व्हर्जिनिया गेटवर रांगेत उभं असतं. डोंगरात जेवढा वेळ मिळतो तेवढाच गाडीत जातो. फोटो येतात, लाइक येतात आणि 'फॉल झाला' म्हणून आपण दिवाळीच्या तयारीला लागतो.

मला बोलायचंय ते उरलेल्या सहा-सात आठवड्यांबद्दल. तेवढे दिवस हा ऋतू तुमच्या दारासमोर असतो आणि त्यासाठी टाकी भरावी लागत नाही.

आधी एक शब्दाची गंमत. फॉलला मराठीत आपण पटकन 'शरद' म्हणतो. पण आपला शरद म्हणजे पावसानंतरचं धुतलेलं आकाश, नितळ पाणी, टिपूर चांदणं. त्यात पानं गळत नाहीत. आपली पानगळ शिशिरात, आणि तीही थंडीपेक्षा कोरडेपणामुळे. पाणी कमी झालं की साग पानं टाकून मोकळा होतो. इथलं झाड दिवस लहान होतोय हे ओळखतं आणि पानातला हिरवा रंग मोडायला लागतं. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, हिरवा गेल्यावर तो दिसायला लागतो. लाल मात्र बऱ्याच झाडांत त्या दिवसांतच नव्याने तयार होतो, पानात अडकलेल्या साखरेतून. म्हणून दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गोठवणार नाही इतपत गारवा असेल, तर त्या वर्षी लाल जास्त खुलतो. म्हणजे इथे ऑक्टोबरात आकाश आपल्या शरदाचं असतं आणि जमिनीवर आपला शिशिर. दोन ऋतू एका वेळी. 'फॉल' हा शब्द आपण मराठीत तसाच घेतला ते बरंच झालं.

आता चाला कुठे? गावाच्या मधोमध डब्ल्यू अँड ओडी ट्रेल जाते. वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन या रेल्वेची ही जुनी वाट. गाडी १९६८ साली बंद पडली आणि नंतर रुळांच्या जागी डांबरी पायवाट झाली. अर्लिंग्टनपासून पर्सेलव्हिलपर्यंत ४५ मैल. हर्नडन साधारण विसाव्या मैलावर येतं. तिथे १८५७ सालचं छोटं स्टेशन अजून उभं आहे, त्यात आता संग्रहालय आहे, आणि जवळच लाल रंगाचा जुना कबूस, म्हणजे मालगाडीचा शेवटचा गार्डचा डबा. गावाचं नाव विल्यम लुईस हर्नडन या नौदलातल्या कप्तानाचं. 'सेंट्रल अमेरिका' हे जहाज कॅलिफोर्नियाचं सोनं घेऊन येत होतं. सप्टेंबर १८५७ मध्ये ते वादळात सापडलं. बायका-मुलांना होडीत उतरवून कप्तान जहाजाबरोबर गेला. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या गावाला एका बुडालेल्या जहाजाच्या कप्तानाचं नाव आहे, हे शेजाऱ्याला सांगून बघा. इथे वीस वर्षं राहिलेल्यांनाही ते पुष्कळदा माहीत नसतं.

स्टेशनापासून थोडं चाललं की शुगरलँड रनची वाट लागते, ती ओढ्याकाठाने रनीमीड पार्ककडे नेते. तिथे ट्युलिप पॉप्लर आधी पिवळा होतो, डॉगवुड गडद लाल, रेड मेपल आपल्या मर्जीने, आणि ओक सगळ्यात शेवटी, विटकरी. एकाच वाटेने दर आठवड्याला गेलात तर हा क्रम डोळ्यांदेखत घडतो. डोंगरावरच्या एका दिवसात तो कळत नाही.

इथे मला एका गोष्टीवर थोडं थांबायचंय. तुमच्या दोघांपैकी एकाचं ऑफिस डलसच्या रस्त्यावर असेल. दुसरा, बहुतेक घरांत दुसरी, कदाचित एच-फोर व्हिसावर असेल. जोडीदाराचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोचल्याशिवाय तिला नोकरी करता येत नाही, आणि तेवढी सोयसुद्धा २०१५ पासूनची. तोवर हातात डिग्री आणि समोर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. लायसन्स अजून नाही किंवा घरात गाडी एकच. भारतात फोन करावा तर तिकडे संध्याकाळची गडबड, नाहीतर मध्यरात्र. हे सगळं 'हळूहळू सवय होईल' असं म्हणून उडवून लावायचं नसतं. या ट्रेलचं मोल मला त्यासाठी वाटतं. गाडी लागत नाही, तिकीट नाही, कुणाला विचारावं लागत नाही. गुरुवारी सकाळी लाल कबूसजवळ शेतकरी बाजार भरतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. तिथे सफरचंदं घेताना तीन गुरुवार तोच विक्रेता भेटला की चौथ्या गुरुवारी तो तुमची वाट बघतो. ही ओळख तिची स्वतःची असते, नवऱ्याच्या ऑफिसमधून आलेली नसते. शनिवारी ती त्याला ट्रेलवर नेते आणि कुठलं झाड कधी बदललं ते दाखवते. गाव दाखवणारी ती, आणि पाहुणा तो. घरातला तोल सावरायला एवढंही पुरतं कधीकधी.

आता गाण्याकडे. उन्हाळ्यात टाउन ग्रीनवर शुक्रवारी मोफत कार्यक्रम असतात, ते तुम्ही कदाचित पाहिले असतील. फॉल आला की मोठे स्पीकर बंद होतात आणि लहान गाणं सुरू होतं. शेतावर, लाउडन काउंटीतल्या द्राक्षमळ्यांवर, कुणाच्या ओसरीवर. त्यात या भागाचं म्हणून जे आहे ते ब्लूग्रास. बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार, उभा बेस आणि वरच्या पट्टीतले, एकमेकांना चिकटून जाणारे आवाज. माझ्या नवऱ्याला बँजो म्हणजे कार्टूनमधल्या पाठलागाचं संगीत वाटायचं. तुम्हालाही पहिल्या दहा मिनिटांत तसंच वाटेल. वाटू द्या.

कारण हे संगीत कुणाचं आहे ते कळलं की कान बदलतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे नैर्ऋत्य व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, कॅरोलायना इथल्या डोंगरातली माणसं कामासाठी वॉशिंग्टनला आली. सरकारी कचेऱ्या, कारखाने, बांधकामं. भाड्याच्या खोल्यांत राहिली आणि संध्याकाळी मागे सोडलेल्या घराची, डोंगराची, आईची गाणी म्हणू लागली. साठ-सत्तरच्या दशकात वॉशिंग्टनचा परिसर ब्लूग्रासचं मोठं केंद्र झाला तो या माणसांमुळे. कोकणातून आणि घाटावरून गिरणगावात आलेल्यांनी चाळीत भजनी मंडळं काढली, ती आणि ही गोष्ट एकच. वाटेगावहून आलेले अण्णाभाऊ साठे गिरणीत कामाला लागले आणि पुढे गावी राहिलेल्या कारभारणीची आठवण काढणारी त्यांची छक्कड साऱ्या मुंबईने ऐकली. या भागातलं ब्लूग्राससुद्धा असं चाकरमान्यांनी जपलेलं गाणं आहे.

त्यातही एक बँड तुम्हाला जवळचा वाटेल. 'सेल्डम सीन', म्हणजे क्वचित दिसणारे. १९७१ साली बेथेस्डात, एका घराच्या तळघरात सुरू झाला. त्यात एक सर्जन, एक गणितज्ञ, एक नॅशनल जिओग्राफिकमध्ये नकाशे करणारा, एक व्यावसायिक चित्रकार आणि एक वाद्यं दुरुस्त करणारा. नोकऱ्या सांभाळून आठवड्यातून एक रात्र वाजवायचं असं ठरलेलं, म्हणून ते नाव. पुढे कित्येक वर्षं दर गुरुवारी ते बर्चमिअरला वाजवत आणि लोक जागेसाठी रांग लावत. सोमवार ते शुक्रवार मीटिंगा करून शनिवारी पेटी काढणाऱ्या आपल्या लोकांनी हे ऐकून ठेवावं.

आणि फक्त डोंगरातल्या गोऱ्या माणसांचं हे श्रेय नाही. बँजोचं मूळ आफ्रिकेत. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी भोपळ्याला कातडं ताणून तो या भूमीवर घडवला. त्याची ती आखूड पाचवी तार ऐका. बाकी सूर फिरतात, ती मात्र एकाच सुराला धरून असते, आपल्या तुणतुण्यासारखी. आपल्याच फेअरफॅक्स काउंटीत जॉन जॅक्सन नावाचे कृष्णवर्णीय गायक राहत. जन्म १९२४ चा, रॅपहॅनॉक काउंटीतला. कबरी खोदण्याचं काम करत. १९६४ मध्ये एका पेट्रोल पंपावर गिटार वाजवताना लोकसंगीताच्या एका अभ्यासकाने त्यांना ऐकलं आणि पुढे जगभर त्यांचे ब्लूज ऐकले गेले. १९८६ मध्ये त्यांना नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, लोककलावंतांसाठी हा देशाचा सर्वोच्च सन्मान. असा माणूस आपल्या काउंटीत राहून गेला, आणि आपण मात्र गाण्यासाठी फक्त न्यू जर्सीकडे बघत बसतो.

ऐकायला कुठे जायचं? हर्नडनच्याच पत्त्यावर, गावाच्या हद्दीबाहेर वेस्ट ऑक्स रोडवर फ्राइंग पॅन फार्म पार्क आहे. नाव तव्याचं, जागा शेताची. काउंटीने गेल्या शतकाच्या पूर्वार्धातलं शेत जसंच्या तसं चालतं ठेवलंय, गाई, डुकरं, मेंढ्या, घोड्यांसकट, आणि आत जायला पैसे नाहीत. तिथे ब्लूग्रासचे कार्यक्रम होतात. तारखा दर हंगामात बदलतात, त्या पार्क ऑथॉरिटीच्या पानावर बघून जा. गारठा वाढला की वुल्फ ट्रॅपला 'द बार्न्स' आहे. न्यूयॉर्क राज्यातली अठराव्या शतकातली दोन लाकडी धान्यकोठारं उचलून आणून इथे पुन्हा उभी केली आहेत. चारशेच्या आत खुर्च्या आणि लाकडामुळे आवाज असा की कुजबुजही पोचते. मोठ्या सभागृहातलं महागडं तिकीट काढण्याआधी इथे एकदा बसा, असं मी सांगेन.

एक रीत सांगते. काही ठिकाणी कार्यक्रम नसतो, बैठक असते, त्याला जॅम म्हणतात. वादक गोल करून बसतात आणि पाळीपाळीने एकेक जण पुढे येऊन वाजवतो. आपण गोलाच्या बाहेर खुर्ची टाकायची. एकाची फेरी संपली की टाळ्या द्यायच्या, गाणं संपेपर्यंत थांबायचं नाही. मैफलीत सम आल्यावर दाद जाते तसंच. वाद्य येत असेल तर विचारून गोलात बसता येतं. आपल्यातल्या कुणी तबला नेला तर काय होईल हे मला बघायचंय. पण आधी दोन-तीनदा नुसतं ऐका, त्यांची लय कुठे वळते ते कळू द्या.

मंडळाचे कार्यक्रम सोडा असं मी म्हणत नाही. मराठी कला मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम असेल तर मीही तिथेच असते. पण प्रत्येक शनिवार चाळीस मिनिटं गाडी चालवून मराठी बोलायला गेलात, तर पाच वर्षांनी तुम्हाला साठ मराठी घरं माहीत असतात आणि स्वतःच्या गल्लीतलं एकही नाही. मुलं झाल्यावर, कुणी आजारी पडल्यावर, बर्फात गाडी अडकल्यावर गल्लीतलंच घर लागतं.

कोजागिरी बहुतेक वर्षी याच दिवसांत येते. यंदा मसाला दूध आटवाल तेव्हा दोन कप जास्त करा आणि त्या गोलाबाहेर खुर्ची टाकणाऱ्या कुणाला तरी डेकवर बोलवा. गिटार असेल तर आणा म्हणावं. केशराचं काय करायचं ते त्यांना सांगावं लागेल, चंद्राचं नाही.

जाता जाता कामाच्या गोष्टी. गवतातून आल्यावर पोटऱ्या आणि गुडघ्यामागची जागा तपासा, इथल्या गोचिडी थंडी पडेपर्यंत चावतात आणि त्यातून लाइम रोग होतो. नोव्हेंबरात हरणं बेभान असतात, संध्याकाळी गाडी हळू. ट्रेलवर उजव्या बाजूने चाला, मागून सायकलवाला 'ऑन युअर लेफ्ट' ओरडला तर ते रागावणं नसतं. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, त्यानंतर पाचच्या सुमारास अंधार पडतो. ऑफिसनंतरची फेरी तेव्हा संपते, म्हणून ऑक्टोबरातली एकही सुकी संध्याकाळ घरात घालवू नका. दोन घडीच्या खुर्च्या, एक शाल आणि थर्मासमधला चहा गाडीत कायम ठेवा. चहा आल्याचाच असू द्या, शेजारच्या खुर्चीवरचा माणूस वासानेच विचारतो.