अथेन्सच्या बायकांचे तीन दिवस



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशातील अथेन्स शहरात लोकशाही होती. पण मत फक्त पुरुष नागरिकांना. बायकांना नाही, गुलामांनाही नाही. घरंदाज बाईचा दिवस सूत काढण्यात व मागावर लोकरीचे कापड विणण्यात जाई. दळण-पाणी दासींकडे. न्यायालयात बाईचे नावसुद्धा सहसा घेत नसत. अमक्याची मुलगी, तमक्याची बायको, एवढेच.

मात्र दरवर्षी पेरणीच्या सुमारास धान्यदेवता डेमेटर हिचा थेस्मोफोरिया नावाचा सण येई. लग्न झालेल्या बायका तीन दिवस घर सोडून एकत्र जमत. पुरुषांना तेथे मज्जाव. दुसऱ्या दिवशी जमिनीवर बसून उपास करीत. प्रमुखही आपल्यातूनच निवडीत. मग पुन्हा तोच माग! त्या तीन दिवसांची वाट त्या वर्षभर पाहत असतील, असे मला वाटते.

आता अध्यक्षबाईंनी माझे नाव मोठ्याने पुकारले, तेव्हा अंगावर काटा आला. एरवी मी कुणाची आई, कुणाची सून. निदान मंडळात तरी आपण एकमेकींना नावाने हाक मारू या.