एका पिशवीतल्या दोन गोळ्या
(बोईसर येथे पाड्यांवर काम करणाऱ्या आरोग्यसेवक-सेविकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मुंबईला हृदयाचे ऑपरेशन किंवा अँजिओप्लास्टी करून माणूस पाड्यावर परत येतो, तेव्हा त्याच्या हातात गोळ्यांची एक पिशवी असते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडच्या गरिबालाही हे उपचार मिळू लागले, ही मोठी गोष्ट आहे. पण त्या पिशवीतली कोणती गोळी कशाची, हे सांगायला घरात कुणी नसते. घरच्यांच्या लेखी त्या सगळ्या 'हार्टच्या गोळ्या'. आज मी त्यांतल्या दोनच प्रकारांविषयी बोलणार आहे : रक्त पातळ करणारी गोळी आणि चरबीची गोळी, म्हणजे स्टॅटिन. या दोघींची गल्लत जिवावर बेतू शकते.

'रक्त पातळ करणारी' हे नाव तसे फसवे आहे. रक्तात पाणी घातल्यासारखे काही होत नाही. विरजण लावले की दूध घट्ट होते, तसे रक्त गोठते. ही गोळी ते गोठणे लांबवते. तिच्यातही दोन जाती आहेत. नळीत स्टेंट बसवलेल्याला अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल देतात. धातूची झडप बसवलेल्याला वॉरफरिन देतात, किंवा आपल्याकडे असिट्रॉम नावाने मिळते ती. लहानपणी घसा धरून सांधे सुजले आणि पुढे झडप खराब झाली, अशा तरुण बाया तुम्हाला पाड्यांवर भेटतात. त्यांच्या पिशवीत ही दुसरी जात असते, आणि तीच जास्त नाजूक.

स्टॅटिन रक्ताचे गोठणे थांबवत नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या घरचे तारापूर एमआयडीसीत बॉयलरवर आहेत, त्यांना चटकन कळेल. पाण्यात क्षार जास्त असले की बॉयलरच्या नळ्यांत थर बसतो. रक्तातल्या वाईट चरबीचा तसाच थर हृदयाच्या नळ्यांत बसतो. स्टॅटिन यकृतात चरबी तयार होण्याचे काम मंद करते आणि आधी बसलेला थर फुटू नये म्हणून त्याला पक्का ठेवते. "मी तूप खात नाही, मटण वर्षातून चारदा, मला चरबीची गोळी कशाला?" असे लोक विचारतात. प्रश्न बरोबर आहे. पण शरीरातले बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, शरीर स्वतःच ते बनवते. शिवाय तंबाखू आणि मिश्री नळ्या खराब करतात, त्याला तूप लागत नाही.

गंमत अशी की दोन्ही औषधांची मुळे बुरशीत आहेत. अमेरिकेत बुरसलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत होती. त्या चाऱ्यातला पदार्थ १९४०च्या सुमारास सापडला, त्यावरून वॉरफरिन निघाले, आणि १९४८ मध्ये ते आधी उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. जपानच्या अकिरा एंदो यांनी हजारो बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये भातावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत पहिले स्टॅटिन शोधले. ही हकीगत पाड्यावर सांगा, पण उंदराच्या औषधाचे जपून सांगा. नाहीतर गोळी उकिरड्यात जायची!

आता कामाचे. स्टॅटिन एखाद्या दिवशी चुकली तर आकाश कोसळत नाही. पण ती घेऊन काही वाटत नाही, म्हणून लोक महिन्या-दोन महिन्यांत सोडूनच देतात, आणि नुकसान काही वर्षांनी दिसते. रक्ताच्या गोळीचे तसे नाही. धातूच्या झडपेची गोळी थोडे दिवस बंद राहिली तरी झडपेवर गुठळी धरून अर्धांग होऊ शकते. जास्त झाली तर हिरड्यांतून, लघवीतून, पोटात रक्त जाते. म्हणून आज विसरलेली वॉरफरिन आजच आठवली तर घ्यायची. उद्या आठवली तर दोन एकदम कधीच नाहीत. काळे, डांबरासारखे शौच दिसले किंवा डोक्याला मार लागला, तर वाट न पाहता दवाखाना. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, ते विचारा, पण शंका असली तरी पाठवा.

वॉरफरिनवाल्यांची आयएनआर नावाची रक्त तपासणी असते. औषध न घेणाऱ्या माणसाचा आकडा एकच्या आसपास येतो; यांचा किती हवा, ते डॉक्टरांनी कार्डावर लिहिलेले असते. पावसाळ्यात हा आकडा घसरू शकतो, कारण टाकळा, कुर्डूसारख्या हिरव्या पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व या गोळीच्या उलट काम करते. रानभाजी बंद करायला सांगू नका. वर्षभर थोडी-थोडी खा, एकदम ढीगभर नको, आणि पावसाळ्यात तपासणी चुकवू नका, एवढेच सांगा.

लावणीच्या दिवसांत कंबर धरली की दुकानातून दुखण्याची गोळी आणतात. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन रक्ताच्या गोळीबरोबर पडली तर पोटात रक्तस्राव होतो. कमरेत सुई टोचून घेतली तर वॉरफरिनवाल्याच्या मांसात रक्त साचते. साप चावला तर ही गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगायचे, कारण विष किती भिनले ते रक्त गोठते का यावरून पाहतात. स्टॅटिनवाल्याने मात्र कामाशिवाय अंग दुखत असेल, लघवी चहासारखी होत असेल, तर लगेच दाखवायचे. दिवस गेले असतील तर दोन्ही गोळ्यांबद्दल त्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारायचे. स्वतःहून बंद करायचे नाही.

एक फसगत लक्षात ठेवा. काही कॅप्सूलमध्ये अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन एकत्र असतात. 'चरबीची गोळी नको' म्हणून ती सोडली की अ‍ॅस्पिरिनही सुटते, आणि स्टेंट उघडा पडतो.

दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्टीवर निघतील. निघण्याआधी किती दिवस जाणार ते विचारा, तितक्या दिवसांच्या गोळ्या आणि आयएनआरचे कार्ड बरोबर द्या, आणि भट्टीजवळचा सरकारी दवाखाना कोणता ते कार्डामागे लिहा. आज ज्यांनी रुग्णांच्या पिशव्या आणल्या आहेत, त्यांनी त्या टेबलावर ठेवाव्यात. जेवणाआधी आपण एकेक उघडून पाहू.