पदरचे किती?

मोटारीचा विमा उतरवताना एक प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेक जण त्यावर नुसती मान हलवतात. ‘व्हॉलंटरी डिडक्टिबल किती ठेवू?’ मी पडलो कविता लिहिणारा माणूस. शब्द अडला की पुढं सरकता येत नाही. याला ‘ऐच्छिक वजावट’ म्हणता येईल, पण त्यातून उजेड पडत नाही. आमच्या मलकापुरात खर्च अंगावर आला की ‘पदरचे घातले’ म्हणतात. तोच शब्द इथं चपखल बसतो. गाडीचं नुकसान झालं तर कंपनीनं द्यायच्या आधी आपण पदरचे किती घालायचे, एवढाच हा प्रश्न.

पदरचे दोन तऱ्हेचे. पहिले सक्तीचे. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला दर क्लेममागे १००० रुपये, त्यावरच्या इंजिनाला २०००. ‘झीरो डेप’ घेतलं म्हणजे खिशाला हातच लावायला नको, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, हे कापले जातातच. दुसरे आपल्या मर्जीचे. ते जितके जास्त कबूल कराल तितका हप्ता कमी.

माझी मुलगी शिक्षिका आहे. रोज आंबा घाट उतरून साखरप्याकडं जाते, संध्याकाळी परत वर चढते. गेल्या खेपेला विमा नव्यानं करताना म्हणाली, “अब्बा, पंधरा हजार पदरचे कबूल केले तर पस्तीस टक्के सूट मिळतीया. घेऊ का?”

पस्तीस टक्के ऐकायला झकास वाटतं. पण कशाचे पस्तीस? सगळ्या हप्त्याचे नव्हेत. कायद्यानं सक्तीचा जो थर्ड पार्टीचा भाग, त्याला ही सूट लागत नाही. ती लागते फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाला. तो भाग समजा ४००० रुपये आहे. २००२ सालच्या मोटार दरपत्रकात याचे टप्पे बांधलेले होते. २००७ पासून दर मोकळे झाले, त्यामुळं कंपनीगणिक फरक पडतो. पण हिशेबाला ते टप्पे अजून बरे. २५०० रुपये पदरचे कबूल केले तर २० टक्के सूट, तीही जास्तीत जास्त ७५० रुपये. ५००० ला २५ टक्के, ७५०० ला ३० आणि १५००० ला ३५.

आम्ही वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडलं. २५०० वर वर्षाला ७५० वाचतात, म्हणजे सव्वातीन वर्षांत एक क्लेम झाला तर हातातोंडाशी गाठ. ५००० वर हजार वाचतात, मुदत पाच वर्षं. १५००० वर १४०० वाचतात, आणि ते भरून यायला सुमारे पावणेअकरा वर्षं एकही क्लेम होता कामा नये! लहान गाडीला वरची पायरी चढावी तसा सौदा महाग होत जातो. मोठ्या, महागड्या गाडीचा हप्ताच दांडगा, तरी तिथंही सवलतीला कमाल मर्यादा होतीच.

मग सगळ्यांनीच शून्य ठेवावं का? माझं मत तसं नाही. किरकोळ नुकसानीचा क्लेम शहाणा माणूस करतच नाही. साधी पॉलिसी असेल तर प्लॅस्टिकच्या बंपरची निम्मीच किंमत धरतात. ६००० चा बंपर, त्याचे धरले ३०००, सक्तीचे हजार गेले, उरले दोन. त्या दोन हजारांपायी नो क्लेम बोनस पुसला जातो, आणि तो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. ज्याची गाडी आठवड्यातून एकदा बाजाराला निघते, त्यानं २५०० चे पदरचे खुशाल कबूल करावेत. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीला मी तेच केलंय.

मुलीचं तसं नाही. घाटात जून ते सप्टेंबर धुकं असं की स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नाही. दरड येते, कधी वळणावर गवा उभा असतो. अपघात व्हायचा धोका पावसाळ्यात, आणि आमच्याकडं पैशाची ओढाताणही त्याच दिवसांत. रोप लावण, पोरांची फी, घराची गळती. जुलैत गॅरेजच्या काउंटरवर पंधरा हजार रोख ठेवता येतील का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “अब्बा, जुलैत पाच सुद्धा जड जातील.” तिनं मर्जीचे शून्य ठेवले आणि वाचवायच्या चौदाशेवर पाणी सोडलं.

पाण्यावरनं सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरानं पूर पाहिला. पुराचं नुकसान या विम्यात बसतं. पण पाण्यात बंद पडलेली गाडी चावी फिरवून सुरू करायला गेलात आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर ती दुरुस्ती साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत. तिथं सगळेच पदरचे. त्यासाठी इंजिनाचं वेगळं कवच घ्यावं लागतं.

आणखी एक. दोन कंपन्यांचे दर शेजारी ठेवून स्वस्त कोणता ते बघताना स्वस्ताईचं कारण आधी शोधा. कधी कधी त्यात मर्जीचे पदरचे गुपचूप धरलेले असतात. पॉलिसीच्या पहिल्या एक-दोन पानांवर कंपल्सरी आणि व्हॉलंटरी अशा दोन ओळी असतात. पैसे भरण्याआधी दुसऱ्या ओळीपुढचा आकडा वाचा. नको असेल तर तेव्हाच बदलून मागा. वर्ष सरलं की पुढच्या खेपेला तो आकडा पुन्हा ठरवता येतो.